सुधाकरकाकाचं कात्रण

वर्तकनगर, मंगळवार संध्याकाळ, १९९९

सुधाकरकाकाचं तोंड बघायचं नाही मला. स्वतःचा मुतखडा मशीनच्या शॉकवेव्हने फुटला, म्हणून बाबांच्या हातात पेपरातलं कात्रण ठेवून गेला. "दादा, परदेशात हृदयालाही असेच शॉक देतायत. छाती कशाला फाडून घेतोस? थांब थोडा."

झालं! बाबांनी बायपासची तारीख रद्द केली. मशीन इथे कधी येणार विचारलं, तर काका म्हणे, "येईल गं." येईल! आणि मी तेव्हा गप्प का बसले?

आज जिन्यात बाबा छाती धरून मटकन बसले. घामाने निथळत होते. खिशात हात गेला, मला वाटलं जिभेखालची गोळी काढतायत. काढलं ते कात्रण.

म्हणाले, "भिजलं नाही ना, बघ."