चौदा इंच

प्रिय कोरीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच मायक्रोवेव्हवर ठेवून देशील, हे मला ठाऊक आहे. ठेव. दोन दिवसांनी उघड. पण उघडलंस की शेवटपर्यंत वाच, कारण यात मी एक असं वाक्य लिहिणार आहे, जे चोवीस वर्षांच्या संसारात तू माझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाहीस.

आधी बातमी. एल्म स्ट्रीटवरच्या आपल्या प्लॉटचे दोन प्लॉट करायचे, असं मी ठरवलं आहे. जुन्या गॅरेजच्या जागी नवं घर, आपल्या जुन्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून. भिंतीला भिंत, पण दारं वेगळी आणि मालकीचे कागदही वेगळे. गेल्या वर्षापर्यंत आपल्या गावात हे अशक्य होतं. एका घराला सहा हजार चौरस फूट जमीन हवी आणि दोन्ही बाजूंना हद्दीपासून आठ-आठ फूट मोकळं सोडायला हवं. एप्रिलमध्ये नियम बदलला. जोडघर असेल तर तीन हजार सहाशे चौरस फूट पुरेत, रुंदी तीस फूट हवी, सामाईक भिंतीकडे अंतर शून्य आणि बाहेरच्या बाजूला सहा फूट. एकशे बारा पानांचा तो नियम मी तीनदा वाचला. एकेचाळिसाव्या पानावरच्या नकाशात त्यांची बेरीज चुकली होती, तेही मी कळवलं. नियोजन कचेरीतली मुलगी म्हणाली, "मिस्टर टोलफसन, तुम्ही आर्किटेक्ट आहात का?" मी म्हटलं, "नाही, मी वाचतो."

हसू नकोस. मला कुणी काही शिकवलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? छत बांधायला मी पडलेली छतं बघून शिकलो.

अर्ज केला. नव्या नियमाखालचा गावातला पहिला. आणि पहिली हरकत आली शेजारच्या आर्डिथची. तुझी आर्डिथ, जिच्याबरोबर तू दर जूनमध्ये रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करायचीस. एकोणऐंशीची झाली आहे, पण जीभ तिशीतलीच. कुंपणावरून मला म्हणाली, "आज दोन घरं चिकटवशील, उद्या सगळी गल्ली आगगाडीच्या डब्यांसारखी होईल. आणि काय रे, ते दुसरं घर कुणासाठी? एकटा तर राहतोस!" मी म्हटलं, "नियमात कुणासाठी ते लिहावं लागत नाही." ती म्हणाली, "कोरीन उगाच नाही गेली."

मी कुंपणापासून वळलो. आत येऊन नकाशा पुन्हा तपासला.

नकाशा बिनचूक होता, निदान कुंपणापासून मोजला तर. प्लॉट सहासष्ट फूट रुंद. जुन्या घराची पूर्व भिंत बरोबर तेहेतिसाव्या फुटावर, म्हणजे निम्मे निम्मे. इतकं नेटकं जुळलेलं पाहून मला देवाचंच कौतुक वाटलं. पण प्लॉट फोडायचा तर मोजणी सक्तीची. सुनावणी मंगळवारी संध्याकाळी सातला होती आणि मोजणीदार मुलगी आली त्याच दिवशी सकाळी. तिनं आपल्या पश्चिमेच्या, गल्लीतल्या विजेच्या खांबाशी, त्याच्या बाहेरच्या अंगाला खणलं. दीड फुटावर गंजलेला लोखंडी खुंट निघाला. आपल्या हद्दीचा खुंट, कोरीन.

तुला आठवतंय? अठ्ठ्याण्णवचा मे महिना. मी कुंपण घालत होतो आणि तू लिंबाच्या सरबताचा जग घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "आधी खुंट शोध ना." मी म्हटलं, "माझी टेप खोटं बोलत नाही." टेप नव्हतीच बोलली. मी तिला चुकीच्या जागी धरलं होतं. आपल्या गल्लीत सगळे तो खांब गावाचा धरून चालतात, म्हणून मी खांबाच्या आतल्या कडेपासून मोजलं. हद्द मात्र त्याच्या बाहेरच्या कडेनं जाते. खांबाची जाडी चौदा इंच. म्हणजे पश्चिमेला चौदा इंच आपले असून मी सोडले आणि पूर्वेला आर्डिथचे चौदा इंच सव्वीस वर्षं कुंपणात घेऊन बसलो.

सुनावणी पुढं ढकलता आली असती. ढकलली नाही. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. आर्डिथनं आगगाडीचे डबे पुन्हा काढले, टाळ्याही मिळवल्या. मग मी उठलो. समोर नियोजन मंडळाचे सात सभासद, मागं चाळीसेक माणसं. लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि म्हणालो, "माझा नकाशा चूक आहे. मी चुकलो. चौदा इंचांनी. ती जमीन आर्डिथची आहे."

मागून आर्डिथ, "परत म्हण रे, मला नीट ऐकू येत नाही."

"मी चुकलो."

"चोवीस वर्षांत हे एकदा घरी म्हणाला असतास ना, तर आज नकाशे काढत बसला नसतास!"

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांनी हातोडा आपटला, पण हसत हसतच. मी उभाच राहिलो. म्हटलं, कुंपण हलवतो, नव्या घरातून चौदा इंच कमी करतो, खऱ्या हद्दीपासून सहा फूट सोडतो. तरी नव्या प्लॉटची रुंदी एकतीस फूट दहा इंच राहते, हवी तीस. नियमात बसतं. एवढं बोलून बसलो. पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर.

शनिवारी कुंपण उपटलं. आर्डिथ वड्यांचं ताट घेऊन आली आणि न विचारता खऱ्या हद्दीवर लावायच्या दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. म्हटलं, जरा ताण. म्हणाली, "मला शिकवू नकोस. तू आधी खुंटाला लाव."

आता ते दुसरं घर कुणासाठी, ते सांगतो. जॅनेलनं मला सांगितलं. तुझी इमारत विकली जातेय, लिफ्ट बंद आहे आणि त्या दुखऱ्या खुब्यानं तू तीन मजले चढतेस. तिनं सांगितलं म्हणून लेकीवर रागावू नकोस. जाताना तू म्हणाली होतीस, "राग नाही वेंडेल, पण तुझ्याबरोबर एका घरात श्वास घेता येत नाही." मी नऊ वर्षं त्या वाक्यात चूक शोधली. सापडली नाही. तेव्हा एका घरात नको. नव्या, अरुंद घरात मी राहीन. जुनं घर तुझं, चौतीस फूट दोन इंचांच्या प्लॉटसकट, तुझ्या एकटीच्या नावावर. भाडेकरू म्हणून तू माझ्या दारात पाऊल ठेवणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणूनच प्लॉट फोडायचा हट्ट धरला. उद्या विकलंस तरी मला विचारायचं कारण नाही. मधली भिंत दुहेरी घेतोय, दोन वेगळे सांगाडे, मध्ये एक इंच पोकळी, म्हणजे माझा रेडिओ आणि माझी मतं तुझ्याकडे येणार नाहीत. पुढच्या तीन पायऱ्या काढून उतार केला आहे. स्वयंपाकघरात तू लावलेलं फडताळ डावीकडे अर्धा इंच कललंय. ते तसंच ठेवलंय. सोबतच्या कागदावर खुणेच्या जागी सही कर किंवा करू नकोस. प्लॉट तर फुटलाच आहे, आणि ते घर मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तुझाच, म्हणजे पूर्वेच्या भिंतीपलीकडचा,
वेंडेल