तिसरा अ‍ॅडाप्टर आणि काळा पडदा

ती. ताई,

तुझ्या खटपट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांचं असं झालंय की तो आता फक्त कागदावरच घालता येतो). टाके सुकले का? चमचा चमचा घट्ट खाणं सुरू झालं का? डॉक्टरांनी तीन महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलंय आणि तू ते पाळते आहेस, असं तुझी सूनबाई सांगते. माझा विश्वास बसत नाही, पण ती खोटं बोलणारी नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय माझ्या खांद्यावरून वाचतेय, त्यामुळे तिचाही नमस्कार इथेच लिहून टाकतो, म्हणजे ती जाईल.

तर रविवारचं. बत्तीस वर्षं आपण दर रविवारी पाच वाजता फोनवर बोलतो, म्हणजे तू बोलतेस आणि मी हूं म्हणतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारीही मी सवयीने फोन लावला. सूनबाईने तो तुझ्या कानाला धरला. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपली पाळी आलीय, बोलून घ्यावं. चार मिनिटांत माझं सगळं सांगून संपलं. पुढे नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि तहान नसताना दोन भांडी पाणी प्यालो. खरं सांगतो ताई, फार एकटं वाटलं.

मग सूनबाईनेच सुचवलं की कॉम्प्युटरवर समोरासमोर बसा, तू पाटीवर लिहून दाखवशील, मी वाचीन, आणि मला तुझं तोंड दिसेल. मला तेवढंच हवं होतं. (आमचा फोन बटणांचा आहे, त्यात कोणाचं तोंड दिसत नाही, आणि त्याबद्दल आजवर तक्रारही नव्हती.) घरात मुलीचा जुना कॉम्प्युटर होताच. पण तो मागच्या खोलीत आणि वायफायचा डबा बाहेरच्या खोलीत. कॉम्प्युटर बाहेर आणावा, तर त्याचं टेबल सुताराने त्याच खोलीत बसून बनवलेलं, ते दारातून निघत नाही. वायर ओढावी, तर तुझी भावजय म्हणाली की माझा पाय अडकून मी पडले की मग बसा बहिणीशी बोलत. तेव्हा बिनतारीच काहीतरी बघणं भाग होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानात एक बाई बसतात. चष्मा डोक्यावर, आणि शोधत असतात टेबलावर. त्यांनी आधी माझीच चौकशी केली. कॉम्प्युटर किती वर्षांचा, मधे भिंती किती, वायफायचा डबा लांबच्या लहरींचा की जवळच्या? मी म्हटलं, बाई, मी घड्याळं दुरुस्त करत आलोय, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं चालत नाही, एवढंच. त्या हसल्या आणि त्यांनी वायफाय पकडणारा नखाएवढा अ‍ॅडाप्टर हातावर ठेवला. यूएसबीच्या खाचेत खोचायचा की झालं.

आता इथे माझं चुकलं, ते लिहितो. तुला माहीतच आहे, चाळीस वर्षांत एकही घड्याळ मी उघडून साफ केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती दिलेलं नाही, नवंकोरं असलं तरी. हात शिवशिवले. डोळ्याला भिंग लावलं, पातळ पातं घातलं, टोपण काढलं. आत एक चाक नाही, एक स्प्रिंग नाही. नुसती हिरवी पट्टी. फसवलं म्हणून मला रागच आला, पण उघडलंच आहे तर म्हणून ब्रशने पेट्रोल फिरवलं आणि बंद केलं. बंद करताना कणाएवढं काहीतरी टेबलावर उरलं. घड्याळात असं कधी होत नाही गं. तो अ‍ॅडाप्टर त्यानंतर बोललाच नाही. दुकानातल्या बाईंनी तो हुंगला आणि काही न विचारता दुसरा काढून दिला. भली बाई.

दुसरा मी उघडला नाही. (तुझ्या भावजयीने माझं भिंग तिच्या कपाटात ठेवलं, हेही एक कारण आहे.) पण याच्याबरोबर सीडीची एक चकती आली आणि चकतीतला प्रोग्राम आधी घालायचा असा हुकूम. कॉम्प्युटरला चकती घालायला जागाच नाही. खोक्यावर लिहिलेलं, चकती चालत नसल्यास प्रोग्राम इंटरनेटवरून घ्यावा. अगं, इंटरनेट यावं म्हणून तर हे सगळं! दोन दिवस मी त्या खोक्याशी भांडलो. शेवटी बाईंनी तो प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दिला, आणि तोही अ‍ॅडाप्टरसारखाच दिसत असल्याने मी आधी भलताच काढून भलताच खोचला. जाऊ दे. रविवारी पाचला जोडणी लागली. सूनबाईचा आवाज आला, खुर्ची सरकली, पाटीवर पेन्सिल घासल्याचाही आवाज आला, आणि मला भरून आलं. पण पडदा काळा. चित्र नाही. मी आपला त्या काळ्या पडद्याकडे बघून वीस मिनिटं हसत बसलो, कारण तुला मी दिसत होतो म्हणे.

मी पुन्हा दुकानात. बाईंनी विचारलं, अ‍ॅडाप्टर कुठे खोचलाय? म्हटलं, मागच्या बाजूला, टेबलाखाली. आणि बाजूला काय आहे? म्हटलं, माझं लोखंडी कपाट. बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला, तो पहिल्यांदाच. लोखंडाआड लहरी अडतात, हे मला कोणी सांगितलं होतं? तर तिसरा आणला, शिंगासारखी अँटेना असलेला, आणि सोबत लांब वायर, म्हणजे तो खाचेतून बाहेर आणून उंच ठेवता येतो. तुझ्या भावजयीने तो कपाटाच्या डोक्यावर चिकटपट्टीने बसवला. (खोलीतल्या खोलीतल्या या वायरला मात्र तिची हरकत नाही, कारण ही तिने ओढली.) सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. गेल्या रविवारी तुझा खोकलासुद्धा मला स्वच्छ ऐकू आला. पडदा काळाच.

तर दोष आमच्याच यंत्रात आहे, तुझ्याकडे काहीही नाही, सूनबाईला उगाच खटपट करायला लावू नकोस. या आठवड्यात चौथा अ‍ॅडाप्टर आणतो. औषधं वेळेवर घे, उन्हात फिरू नकोस, आणि अवाक्षर काढू नकोस.

तुझा
खटपट्या

ता. क. चौथा अ‍ॅडाप्टर आणणार हे वर लिहिलं, ते खोटं आहे. काल दुकानातल्या बाई स्वतः घरी येऊन गेल्या. त्यांनी दुकानात बसलेल्या नवऱ्याला तिथून आमच्या कॉम्प्युटरवर बोलायला लावलं. चित्र लख्ख. त्याच्या मागच्या फळीवरच्या खोक्यांवरची अक्षरंसुद्धा मी वाचली. बाई म्हणाल्या, तुमचं सगळं ठीक आहे, पलीकडच्या कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटवलेलं असणार. मी म्हटलं, छे, माझी ताई असं कशाला करील? बाईंनी चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवला.  तुझ्या भावजयीला पडदा काळा दिसला त्या पहिल्याच रविवारी कळलं होतं, म्हणे. मला सांगितलं नाही, कारण वन्संनी झाकलंय तर त्यांनीच उघडावं.

ता. क. दोन. हे पुढचं सूनबाईला वाचून दाखवू नकोस (दाखवणार तरी कशी म्हणा). ताई, गळ्यावर केवढं कापलंय ते मला माहीत आहे, डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. तू वाळली असशील. केसही गळले असतील. तू माझ्यापुढे कधी पदरसुद्धा सरकू दिला नाहीस, आजारपणातही वेणी घालून बसायचीस, मला काय ते माहीत नाही? पण मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि मला माझी बहीण दिसत नाहीये. मला भीती वाटते. काळ्या पडद्यामागे तू किती आजारी आहेस, ते मी माझ्या मनाने ठरवतो, आणि मी ठरवतो ते दर रविवारी वाढतंच आहे. खरी तू त्याहून नक्की बरी असशील.

गळा झाकून घे हवा तर, शाल घे. पण कॅमेऱ्यावर जे लावलंयस ते काढ. पाटीवर काही लिहू नकोस, मला काही सांगू नकोस. रविवारी पाच वाजता नुसती माझ्यासमोर बस.