अनुक्रमांक ८७ येथे हजर नाही

दिनांक : १ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. मंडळ अधिकारी तथा नियंत्रक,
पूरग्रस्त निवारा केंद्र, शिरटेक,
जि. कोल्हापूर

अर्जदार : सौ. स्नेहल पृथ्वीराज खोत, वय २८, रा. कुरणवाडी, सध्या निवारा केंद्र, खोली क्र. ४

विषय : निवारा नोंदवहीतील अनुक्रमांक ८७, श्रीमती मल्लव्वा शिवपुत्र बिरनाळे, वय ७१, यांचे नाव हजर यादीतून कमी करून मौजे कुरणवाडीच्या शिल्लक यादीत घेणेबाबत.

संदर्भ : १) दि. २४ जुलैची नोंद (सही अर्जदाराची). २) दि. २५, २७ व ३० जुलै रोजी समक्ष केलेली तोंडी विनंती.

महोदय,

१. मे महिन्यात, म्हणजे पाणी यायच्या दोन महिने आधी, वर नमूद मल्लव्वांनी मला त्यांच्या ओसरीवर बसवून सांगितले होते, "घरात दोन पायल्या तर जोंधळा ठेव की ग यव्वा. पाणी चढलं तर दुकान बी बुडतंय." मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. मी हसले आणि म्हणाले, "अव्वा, रेशन आलं की मोबाईलवर मेसेज येतो." तो मेसेज २६ जुलैला सकाळी आला. त्या वेळी आमच्या गावचे रेशन दुकान पत्र्यापर्यंत पाण्यात होते. या हकीकतीचा विषयाशी संबंध नाही असे आपणास वाटेल. आहे, म्हणून आधी लिहिली.

२. मल्लव्वा माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून राहतात. एकट्या असतात. गावात आता सगळा ऊस आहे. जोंधळा करणाऱ्या त्या एकट्याच उरल्या, माळावरच्या दहा गुंठ्यांत. २०१९ च्या पुरानंतर ज्यांना पुन्हा जोंधळा करावासा वाटला त्यांनी बी त्यांच्याकडूनच नेले, आणि पुढच्या वर्षी परत ऊस लावला. त्यात आम्हीही होतो. बी त्या राख मिसळून मडक्यांत ठेवतात.

३. दि. २४ जुलै रोजी सकाळी ट्रॉली आली. गेल्या सहा वर्षांतले हे तिसरे स्थलांतर असल्याने काय घ्यायचे हे कुणाला सांगावे लागले नाही. मल्लव्वा चढल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन मडकी माळ्यावर चढवायची राहिल्यात. चढवते आन् मागच्या ट्रॉलीनं येते. तू पोरीला घिऊन हो म्होरं." आणि महिनाभर टिकणाऱ्या कडक भाकरीचे गाठोडे माझ्या हातात दिले. त्यात चाळीस भाकरी होत्या. मागची ट्रॉली आलीच नाही. दुपारी दोनला रस्त्यावर पाणी आले.

४. चूक माझी आहे ती अशी. येथे नाव नोंदवताना मला २०२१ आठवले. त्या वर्षी जे उशिरा पोहोचले त्यांना ना चटई मिळाली ना शिध्याचा संच. माझ्या सासूबाई त्यांतल्याच. म्हणून मी मल्लव्वांचे नाव आधीच सांगितले. त्यांच्या रेशनकार्डाची केवायसी मीच केली असल्याने आधार क्रमांक माझ्या मोबाईलमध्ये होता, तोही दिला. अनुक्रमांक ८७ पुढे सही केली. त्या येतीलच असे धरून चालले होते. संध्याकाळी वरिष्ठांना अहवाल गेला : कुरणवाडी, एकूण लोकसंख्या ६१२, स्थलांतरित ६१२, शिल्लक निरंक. गावाजवळ थांबलेली होडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेली. ते बरोबरच झाले. माणसे नाहीत तिथे होडी कशाला ठेवायची.

५. त्यानंतर मल्लव्वा येथे राहत आहेत. नोंदवहीत त्यांची रोज हजेरी आहे. सकाळी पोहे, दुपारी व संध्याकाळी खिचडी त्यांच्या नावावर पडते. दि. २८ रोजी आरोग्य पथक आले. त्यांच्या कागदावर मल्लव्वांचा रक्तदाब १३०/८०, सामान्य, असा आहे. मी सिस्टरांना विचारले. रांग मोठी होती, यादीवरून उतरवले, असे त्यांनी सांगितले. भिंतीवर 'ज्येष्ठ नागरिकांचे शंभर टक्के स्थलांतर' असा फलक लागला आहे. त्यातही त्या आहेत.

६. नाव कमी करावे म्हणून मी तीन वेळा नोंदणीच्या टेबलावर गेले. तिथले तलाठी भाऊसाहेब वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, "ताई, हजर माणूस गैरहजर दाखवायचं तर ते माणूस समोर पाहिजे. म्हातारीला घेऊन या, त्यांची सही घेतो, लगेच नाव कमी करतो." मी त्यांना म्हणाले की त्या येथे नाहीत हेच तर सांगायला आले आहे. ते म्हणाले, "तुमचीच सही हाय की." ती माझीच आहे.

७. पहिले दोन दिवस दोन्ही बाजूंचे रस्ते बंद होते आणि येथे शिधा पोहोचला नव्हता, हे आपण जाणताच. हे केंद्र ज्या शाळेत आहे तिच्या गच्चीवरून पाहिले तर पाण्यातही कोसभर ऊस उभा दिसत होता. पण मुलांना घालायला घरचे धान्य एकाही घराने आणले नव्हते, कारण एकाही घरात ते नव्हते. त्या दोन दिवसांत खोली क्र. ४ मधल्या सहा मुलांनी मल्लव्वांच्या भाकरी खाल्ल्या, पाण्यात भिजवून, गूळ लावून. माझी मुलगी शिवांजली साडेतीन वर्षांची आहे. ती खिचडी तोंडात धरून बसते, गिळत नाही. तिला मी अजून त्यातलीच अर्धी अर्धी देते. आज चार शिल्लक आहेत. म्हणजे कागदावर मल्लव्वा आमच्यातले खात आहेत आणि प्रत्यक्षात आम्ही त्यांच्यातले. त्यांच्या नावचा शिध्याचा संच माझ्याकडे आहे. मी तो फोडलेला नाही.

८. माझे पती कोल्हापुरात कारखान्यात कामाला आहेत व रस्ता बंद असल्याने तिकडेच अडकले आहेत. म्हणून मी आमच्या गावचे गुऱ्हाळवाले केरबा यांना गळ घातली. ते गूळ करायच्या काहिलीतून जायला तयार झाले. २०१९ ला त्यांनी तीतूनच माणसे काढली होती. बंदोबस्तावरच्या शिपायांनी त्यांना परत पाठवले. रिकाम्या गावात जाण्यास मनाई आहे, चोऱ्या होतात. केरबा येऊन मला म्हणाले, "वैनी, कागदावर म्हातारी तुमच्या शेजारी जेवाय बसलीया. मी काहील घिऊन आणाय जाऊ कुणाला?" सगळे हसले. मीही हसले असावे.

९. मल्लव्वांचा शेवटचा फोन दि. २७ रोजी सकाळी आला. पाणी तिसऱ्या पायरीला आहे, मडकी वर चढवली, असे म्हणाल्या. पुढे "पोरगी जेवली का?" इतके विचारले आणि फोन बंद झाला. तो बटणांचा फोन आहे, चार्जिंग संपले असेल. गावात लाईट नाही.

१०. शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून आमचे गाव दिसते. मल्लव्वांचे घर आमच्या घरासारखेच उंचावर आहे. त्या सकाळी सातच्या सुमारास चूल पेटवतात. दि. २५ पासून मी रोज सातला जिन्यावर जाते. पाऊस दाट असला की काही दिसत नाही, पण २५, २६, २८, २९ आणि ३० ला धूर दिसला. काल उघडीप होती. धूर नव्हता. आज तासभर थांबले. नव्हता. जळणाच्या शेणी भिजल्या असतील. किंवा चूल न पेटवता त्या कडक भाकरी खात असतील असे मी म्हणणार होते, पण त्या भाकरी माझ्याकडे आहेत.

११. सबब विनंती की, अनुक्रमांक ८७ ची नोंद चुकीची असून ती अर्जदाराने केली आहे हे माझ्या सहीनिशी मान्य समजावे. खोटी माहिती दिल्याबद्दल गुन्हा दाखल होऊ शकतो असे मला सांगण्यात आले आहे. तो करावा. मी येथेच आहे, कुठे जाणार. फक्त तो कागद मागाहून व्हावा आणि होडी आधी जावी. नाव कमी करण्यास वेळ लागणार असेल तर ते राहू द्यावे. होडी दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी पाठवली तरी चालेल. एखाद्याचे जनावर सुटले आहे असे लिहावे. फलक काढू नये.

१२. होडीवाल्यांसाठी : चावडीच्या मागे चढावर शेवटून दुसरे घर, निळे दार. शेवटचे आमचे आहे, त्याला कुलूप आहे. मल्लव्वांना कमी ऐकू येते आणि अनोळखी माणसाला त्या दार उघडत नाहीत. मडकी आधी न्या म्हणतील, तर न्यावीत. कृपया कुणाला तरी दारापर्यंत पाठवून त्या आहेत का एवढे पाहावे. हाक मारताना साहेब आलेत असे सांगू नये. "अव्वा, स्नेहलनं पाठवलंय, पोरगी जेवली," असे मोठ्याने सांगावे. मग त्या उघडतील.

आपल्या उत्तराची जिन्यावर वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
सौ. स्नेहल पृथ्वीराज खोत
अनुक्रमांक ८६

सोबत :
१. नोंदवहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, अनु. ८६ व ८७, दोन्ही सह्या एकाच हाताच्या.
२. दि. २७ जुलैच्या फोनची नोंद, वेळ सकाळी ८.१०, कालावधी ४१ सेकंद.
३. शिध्याचा संच, न फोडलेला, एक.
४. कडक भाकरी, दोन. होडीत ठेवण्यासाठी.