फोनमधलं नाव

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. माझी तब्येत ठीक, दुकानही ठीक. तुझा वाचायचा चष्मा तयार आहे. काचा मी स्वतः बसवल्या. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर लिहिलेलं कुठे कुठे जातं ते आता कळलं आहे, म्हणून.

आधी खटल्याचं सांगते. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'नवा पूल खचला तो सिमेंट कमी पडलं म्हणून नव्हे, नगराध्यक्षांची भूक जास्त होती म्हणून.' ग्रुपवर सगळी आपलीच माणसं. तू हसून लोळणारे चेहरे पाठवलेस. त्याच वाक्याचा स्क्रीनशॉट पुढे गावभर फिरला आणि नगराध्यक्षांनी माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. सोमवारी तारीख आहे. मी माफी मागणार नाही. पूल खचलेलाच आहे.

परवा तुझे यजमान दुकानात आले होते. तुला सांगून आले का, माहीत नाही. "ताई, दोन ओळी लिहून द्या, विषय संपवा. कशाला या वयात कोर्टाच्या पायऱ्या?" माफीचा मजकूर टाइप करूनच आणला होता.

मी म्हटलं, "एवढी तत्परता? पुलावरच्या दिव्यांचं काम मिळालं वाटतं!"

"तुम्हाला ना, ज्याच्या त्याच्यात चोर दिसतो."

दिसतो. चष्मे विकते मी.

निघताना त्यांना फोन सापडेना. मी माझ्या फोनवरून रिंग दिली. फ्रेमांच्या ट्रेमध्ये तो थरथरायला लागला आणि पडद्यावर माझं नाव आलं: 'ताईसाहेब'. मी ते दोनदा वाचलं.

का, ते सांगते. दाव्याच्या कागदांना तो स्क्रीनशॉट जोडलेला आहे. ज्याने तो काढला, त्याच्या फोनमध्ये माझं नाव जसं आहे, तसंच ते वाक्याच्या वर उमटलं आहे. तिथे 'ताईसाहेब' नाही. 'तोफखाना' आहे.

मला असं म्हणणारं जगात एकच माणूस आहे, फ्रॉक घालायचीस तेव्हापासून. तरी मी मनाला बजावत होते, नवऱ्यानेही तुझंच ऐकून तेच नाव ठेवलं असेल.

वकीलबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे कोण म्हणतं तुम्हाला? तुम्ही घरच्यांपुरतं बोललात, हाच आपला बचाव. बाहेर कुणी नेलं ते सांगावं लागेल."

"लक्षात येत नाही," मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

तुझ्या फोनला कुलूप नसतं. तू स्वयंपाकघरात असताना तो टेबलावर पडलेला असेल आणि दुसऱ्या कुणी उचलला असेल. असंच झालं असेल तर तसं सांग. तूच पाठवलं असशील, तर तेही सांग. कारणं नकोत. सोमवारी तुझं नाव घ्यायचं की त्यांचं, एवढंच मला ठरवायचं आहे. कुणाचंच घेतलं नाही, तर मी हरते.

चष्मा टपालाने पाठवत नाही. तो न्यायला आलीस असं घरी सांग आणि एकटी ये. डोळ्यांवर नीट बसतो की नाही, ते समोर बसवूनच पाहावं लागतं.

तुझी,
सोमवारपर्यंत तरी,
तोफखाना