रेडिएटर आणि माझा शांत स्वभाव

२६ सप्टेंबर १९९९, रविवार
शुभांगी माहेरी गेली त्याला आठ दिवस झाले. कारण क्षुल्लक. गणपतीत मिक्सरचं भांडं माझ्या हातून सुटलं आणि तिच्या कपाळाला लागलं. टाके तीन. फक्त तीन. मी मुळात शांत माणूस. हल्ली वस्तूच हलक्या येतात.

सासरे भिमाजीराव फोनवर म्हणाले की दसऱ्याला दिंडोरीला या, पण राग घरी ठेवून या; पोरीला पटलं तर घेऊन जा. पटणारच. लाल गाडीतून आणीन. १९६८ची विलायती टू-सीटर, देवळालीच्या एका रिटायर्ड मेजरकडून घेतलेली. लग्नानंतर सोमेश्वरला आम्ही हिच्यातूनच गेलो होतो. शुभांगी सगळा रस्ता हसत होती. तिची फार आठवण येते.

अडचण एकच. रेडिएटर गळतो.

३ ऑक्टोबर, रविवार
मुंबईहून नवीन रेडिएटर आला. नाशिकच्या द्वारका चौकातला रेडिएटरवाला जयराम म्हणाला की साहेब गाडी माझ्याकडे सोडा, संध्याकाळी घेऊन जा. साफ नकार दिला. जो स्वतःच्या हाताने रेडिएटर बदलतो त्याचा स्वतःवर ताबा असतो. हे शुभांगीला सांगायचं.

पाणी काढायचं, दोन होज पाइप, चार बोल्ट. दोन तास, चहा धरून.

सायंकाळी ६. तिसरा बोल्ट गंजलेला निघाला. पाना हातून सुटला व स्वयंपाकघराच्या काचेतून आत गेला. आई आत होती. तिला लागलं नाही. मात्र तेव्हापासून कुकर लावताना डोक्यावर परात धरते. वय झालं.

१० ऑक्टोबर, घटस्थापना
कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की राग आला की दहापर्यंत मोजा. मला राग येत नाही, तरी मोजले. सातला बोल्ट तुटला. मग छिन्नी-हातोडी.

दुपारी जुना रेडिएटर बाहेर आला. तीन तुकड्यांत. म्हणजे मोकळी जागा तर झाली! पंख्याच्या पात्याने अंगठा कापला, म्हणून पात्याला थोडं वाकवलं. शेजारचे धोंडीराम भिंतीवरून विचारत होते की अपघात झाला का. त्यांना शांतपणे समजावलं. रात्रीच्या जेवणाआधी ते भिंत वाढवण्यासाठी विटा मोजताना दिसले.

१४ ऑक्टोबर, गुरुवार
रजा. नवीन रेडिएटर अर्धा इंच जास्त रुंद. चूक गाडीची. कानशीने घासलं, मग लाकूड ठेवून हातोड्याने ठोकलं, मग लाकूड काढून ठोकलं. शेवटी बंपरला लाथ. नख काळं पडलं.

जयराम न बोलावता आला. आईने फोन केला असणार. बघून म्हणाला की ब्रॅकेट उलटं लावलंय. त्याची कॉलर माझ्या मुठीत कशी आली हे त्यालाही सांगता येणार नाही. शर्टाची दोन बटणं सापडली आहेत, परत करीन.

तो गेल्यावर ब्रॅकेट फिरवलं. रेडिएटर बसला. हे माझ्या लक्षात येणारच होतं.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी
फक्त खालच्या होजची क्लिप आवळायची राहिली. उठून बघतो तर आईने माझे सगळे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडलेले. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, शेजारी समई. म्हणाली की आज हत्यारांना विश्रांती असते. आजचा दिवस तरी राहू दे रे त्यांना.

मी एकच स्क्रू ड्रायव्हर घेत होतो. ती पाटाला धरून बसली. पाट उलटला. समई पडली. आईचा पदर पेटला. पदरच. मी लगेच विझवला, हे ती कुणाला सांगणार नाही.

चारच्या एसटीने आई घोटीला मामाकडे गेली. हत्यारं पडली तिथेच राहू दिली. क्लिप बोटांनीच आवळली. पुरे तेवढी.

१९ ऑक्टोबर, दसरा
सकाळी ८. गाडी सुरू! गळती नाही. झेंडूचा हार घातला. खिशात आपट्याची पानं. निघतो.

सायंकाळी ५. दिंडोरीपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. सासरवाडीचे सगळे ओट्यावर होते. शुभांगी हातात बॅग घेऊन उभी. तिने बॅग भरली होती, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

गाडी थांबवली आणि खालचा होज निसटला. उतरून खाली हात घातला तर वाफ, उकळतं पाणी, सगळं माझ्या हातावर. मी सीटमागून जॅकचा दांडा घेतला. नुसतं बॉनेट उघडायला. पुढचं नीट आठवत नाही. दोन्ही हेडलाइट, काच, बॉनेट. हार कुठे गेला कळलं नाही. दम लागला तेव्हा थांबलो.

शुभांगीच्या हातात बॅग नव्हती. शुभांगीही नव्हती.

भिमाजीराव खाली आले. ओरडले नाहीत. म्हणाले की जावईबापू, या गाडीवर तुमचा लय जीव व्हता ना. मी हो म्हटलं. ते म्हणाले की पोरगी बी तेच सांगती, तुमचा तिच्यावर लय जीव हाय म्हणून.

मग त्यांनीच ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी नाशिकला पाठवली. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. शेजारची सीट रिकामी.

घरात कुणी नाही. मी अगदी शांत आहे.