तीनदा तोच जबाब

माय, आज मला माझीच किळस आली आहे. हात दोनदा साबणानं धुतले, तरी बोटांना काहीतरी चिकटलेलं वाटतंय.

आपलं मसाल्याचं दुकान आता तू ओळखणार नाहीस. गंगाखेडच्या त्याच गल्लीत आहे, पण मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका रांगेत बसत नाहीत. आम्ही तयार काळा मसाला पाकिटात भरून विकतो. पाकिटावर फोन नंबर आहे, खाली 'आपले मत कळवा' असं छापलंय. मतं येतात. त्यांना द्यायचं उत्तर मीच एकदा लिहून ठेवलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' भावजय ते सगळ्यांना पाठवते. तेव्हा वाटलं होतं, किती छान जमलंय. आज ते वाक्य आठवलं तरी लाज वाटते.

सकाळी सोनपेठच्या गाडीनं एक मावशी आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर आदळला. "मसाल्याला वास यायलाय म्हणून माझ्या नातीनं तीनदा कळवलं, बाई. तिन्हीदा तोच जबाब. माझं बोलणं लय मोलाचं हाय म्हनं. मंग ठिवलंय कुठं? दावा की जरा."

दुकानातल्या दोघीजणी फिसकन हसल्या. माझे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, तुमचा डबा ओला असेल."

"डबा माझा हाय. ह्या अळ्या मातर तुमच्या हायत."

झाकण उघडलं. मसाल्यात बारीक पांढरी जाळी होती, आणि जाळीत वळवळ.

नऊ-दहा वर्षांची असताना मी एका बाईला असंच म्हणाले होते, तुझ्यासमोर. कुटून दिलेल्या प्रत्येक मसाल्यातला चमचाभर तू पुडीत बांधून फळीवर ठेवायचीस. पुडीवर गिऱ्हाइकाचं नाव मी लिहायचे. त्या बाईचा मसाला कडू लागत होता. तू हातातली चाळणी खाली ठेवलीस, फळीवरची पुडी सोडलीस, माझ्या एका तळहातावर त्या बाईच्या मसाल्याची चिमूट ठेवलीस, दुसऱ्यावर पुडीतली. "खा." मी खाल्ल्या. दोन्ही कडू. भाजताना दगडफूल करपलं होतं. तू आवाज चढवला नाहीस. "ती एवढ्या लांबून सांगाया आली, अन् तू तिलाच खोटी पाडायलीस?" एवढंच. मग चूल पेटवून तिचा मसाला पहिल्यापासून नव्यानं भाजायला घेतलास आणि मला तिच्यासाठी चहा ठेवायला पाठवलंस.

ती फळी मीच काढून टाकली. जागा अडते, म्हणाले होते.

मावशींना बसवून मी मागच्या खोलीत गेले. धन्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. दाणे जाळ्यानं एकमेकांना चिकटून गोळे झालेले, मनगटावर अळ्या चढायला लागलेल्या. भावजय मागून हळूच म्हणाली, "वन्सं, चाळून घिऊ. भाजल्यावर समदं मरतंय. कुणाला कळायलंय?" मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? तिच्या आधी हेच माझ्या मनात येऊन गेलं होतं.

पोतं मावशींच्या समोर उकिरड्यावर ओतलं. विकायला ठेवलेली पाकिटं उतरवली. मग फोन घेऊन बसले, ज्यांना ज्यांना ते मोलाचं वाक्य गेलं होतं त्या सगळ्यांना लावायला. एक माफ करते म्हणाली, दोघींनी उचलला नाही. चुडाव्याची एक म्हणाली, "आता व्हय? लेकीला बघाया आलेल्या पाव्हण्यांच्या ताटात वाढला की म्या."  तिनं फोन ठेवला, आणि मी पुढचा नंबर लावला.

मावशी निघताना दारात थांबल्या. आता त्यांचा राग उतरला होता. "एक सांगा बाई, तुमच्या घरात बी ह्योच मसाला खाता नव्हं? मंग तुमालाबी वास आला आसंल की."

मी म्हणाले, "हो मावशी, हाच खातो."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. आमच्या घरचा मसाला वेगळा असतो, माय. धने मी स्वतः एकेक दाणा निवडून घेते आणि तो डबा दुकानात कधी आणत नाही. तू गेलीस त्या वर्षापासून.