डावीकडे वळलं की उडणारा फ्यूज

प्रिय ज्योती,

हसू नकोस. लग्नानंतर मी तुला लिहिलेला हा पहिलाच कागद आहे. फोनवर तुझा आवाज मध्येच तुटतो आणि मी नुसतं हं हं करत बसतो, म्हणून म्हटलं लिहावं. रविवारी तू म्हणालीस की आपल्या पोरीचं, ममताचं, शाळेत असं बिघडत असेल तर मला नर्सिंग नको, सामान बांधून धुळ्याहून पहूरला परत येते. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायच्या आधी एवढं वाच. गाडीपासून सुरू करतो, कारण माझं डोकं तिथूनच ठिकाणावर आलं.

दसऱ्यानंतर मी मोटरसायकलला पुढे दोन जादा एलईडी लाइट बसवले, ते तुला माहीत आहे. या वयात हा काय शौक, म्हणून तू माझी फिरकी घेतली होतीस. शौक कसला! तू शिकून आलीस की बाळंतिणीचं बोलावणं उजेड बघून येणार आहे का? तेव्हा ही गाडी तूच चालवणार, म्हणून लावले. शेतात ठिबकच्या नळ्या जोडणारा माणूस मी, मला वाटलं पाणी खेळवता येतं तर वीज काय मोठी! लाइट लागलेही झकास. आणि आठवड्यातच गाडी रुसली. चालता चालता एकदम मुकी. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेल्फ नाही. बघावं तर फ्यूज उडालेला. नवा घातला की चालते, आणि पुन्हा कुठेतरी मान टाकते. जामनेरला बाजार समितीच्या वळणावर एका ट्रॅक्टरच्या पुढ्यातच बंद पडली. त्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सगळ्यांनी लाइटवरच खापर फोडलं. आईने तर निकालच दिला, "हाऊ लाइट उना अन् बठ्ठं बिघडनं." म्हणजे लाइट आला आणि सगळंच बिघडलं! शेजारचे चुडामणभाऊ म्हणाले, फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळ, कटकट मिटेल. मी तार हातात घेतलीसुद्धा होती. मग आठवलं की फ्यूज उडतो म्हणून तर बाकीची वायरिंग वाचते. तार घातली असती तर आतलं सगळं जळून गेलं असतं. शेवटी मीही कंटाळलो आणि लाइट उतरवायला बसलो.

आणि तेव्हा तुझी आठवण झाली. दिवाळीत आली होतीस तेव्हा आईचं डोकं दुखत होतं आणि घरातला प्रत्येक जण एकेक गोळी सुचवत होता. तू गोळ्या बाजूला ठेवल्यास आणि तिला विचारत बसलीस. कधी दुखतं, त्याआधी काय खाल्लं, आडवं पडल्यावर कमी होतं का. तुझं विचारणं संपेना तशी आई वैतागली होती, पण दुखणं सापडलं. बाई सकाळपासून चहावर राहत होती! मी म्हटलं, आपणही गाडीला विचारून बघू. लाइटच्या वायरी पूर्ण सोडवून बाजूला ठेवल्या आणि नवा फ्यूज घातला. हँडल सरळ ठेवलं, ठीक. उजवीकडे वळवलं, ठीक. डावीकडे वळवलं आणि फ्यूज गेला. लाइट जोडलेलेच नव्हते, ज्योती! इतके दिवस त्या बिचाऱ्यांना उगाच शिव्या खाव्या लागल्या.

हेडलाइट काढून हँडलच्या मानेत टॉर्चचा उजेड मारला तर आत बारीक लोखंडी तार. कुठली असेल सांग? दसऱ्याच्या माळेची. गेल्या वर्षी दोरा तुटून गाडीची माळ रस्त्यात पडली होती, त्याचा आईने अपशकुन धरला होता. म्हणून या वर्षी तिने झेंडू तारेत ओवला, आणि मीही कौतुकाने हँडलला पीळ घालघालून बांधला. फुलं वाळल्यावर ओरबाडून काढली, तार आतच राहिली. डावीकडे वळलं की ती हॉर्नच्या वायरीवर घासायची. घासून घासून वरचं प्लास्टिक गेलं आणि तांबं उघडं पडलं, त्याला तार टेकली की फ्यूज उडायचा. तार काढली, वायर नीट जोडून टेप मारली, लाइटला वेगळा फ्यूज दिला. आता गाडी कशीही वळव, हूं की चूं करत नाही. आईला तार दाखवली तर तोंडाला पदर लावून हसत सुटली.

मला मात्र हसू येईना. ममताच्या बाबतीत आम्ही हेच करत होतो. तिची वही अर्धी कोरी येते, बाई तक्रार करतात, की लगेच सगळे म्हणणार, आई शिकायला गेली आणि पोर बिघडली. मीही फोनवर तुला तेच ऐकवलं. मग एका संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारत बसलो. पुस्तकातलं घडाघडा वाचते. फळ्यावरचं काय लिहून घेतलं म्हटलं की वही मागे लपवते. जामनेरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, नंबर बराच आहे, आजचा नाही, जुना आहे. म्हणजे तू घरी होतीस तेव्हाही पोरीला दिसत नव्हतं. कुणी विचारलंच नाही. काल चष्मा आला. येताना मागे बसून रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. तू गेल्यापासून ती आजीचीच भाषा बोलते. म्हणाली, "पप्पा, माले बठ्ठं दिसस." मला गाडी जरा बाजूला घ्यावी लागली.

आता रविवारचं. मी गप्प राहिलो, कारण 'ये' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. ममतासाठी नाही, माझ्यासाठी. तू नसलीस की मला घर खायला उठतं. जेवताना तुझ्यासारखं बोलायला कुणी नसतं आणि मी ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसतो. हे तुला कधी सांगितलं नाही, पोरीचं नाव पुढे केलं. पण हे माझं दुखणं आहे, ते मी सोसेन. त्याच्यापायी तुझं शिक्षण त्या लाइटसारखं उतरवून ठेवायचं नाही. विचारायला तू शिकवलंस म्हणून पोरीचे डोळे सापडले, हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. परत येऊ नकोस, ज्योती. नर्स होऊनच ये.

तुझाच,
कुंदन